प्लॅन २०० चा, डाउनलोड ११ वर अडकलेलं

"२०० एमबीपीएसचे पैसे भरतो, पण दिवसा असो की मध्यरात्री, डाउनलोड ११ च्या वर जात नाही. कंपनी फसवतेय का?" असं तुम्ही विचारलंय. फसवत असेलही, पण तुमचा आकडा वाचून मला आधी केबलचा संशय आला.

प्लॅनमधले २०० मेगाबिट असतात, ब्राउझर दाखवतो ते मेगाबाइट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे २५. डेटा छोट्या पॅकेटांतून येतो, प्रत्येक पॅकेटवर पत्ता-बित्ता लिहिण्यात पाच-सहा टक्के जातात, उरले २३-२४. तुम्हाला त्याच्याही निम्मं मिळतंय. गर्दीमुळे किंवा वायफायमुळे कमी झालेला वेग वरखाली नाचत राहतो, असा एकाच आकड्यावर खुंटा मारून बसत नाही. १०० मेगाबिटच्या पोर्टमधून (केबल खोचायच्या खाचेतून) मात्र बरोब्बर ११-१२ मेगाबाइटच बाहेर पडतात.

माझ्याकडे हेच झालं होतं. लॅन केबल बाल्कनीच्या सरकत्या दाराखालून नेलेली, आणि दार रोज तिच्यावरून फिरायचं. या केबलमध्ये आठ तारा असतात. गिगाबिटला, म्हणजे १००० मेगाबिटला, आठही लागतात, १०० ला चार पुरतात. त्यामुळे उरलेल्या चारांतली एखादी तुटली तरी नेट बंद पडत नाही, गुपचूप १०० वर उतरतं. मी कस्टमर केअरशी दोनदा भांडलो, दोन्ही वेळा त्यांनी राउटर बंद-चालू करायला लावला. केबल बदलली आणि पाच मिनिटांत काम झालं. भांडणाची लाज अजून वाटते.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये इथरनेटखाली 'लिंक स्पीड' बघा. १००० हवं. १०० दिसलं तर केबल बदला. तरीही १०० च राहिलं तर राउटरचे किंवा लॅपटॉपचे पोर्टच तेवढे असतील, स्वस्त राउटरला सर्रास असतात. वायफाय वापरत असाल आणि फायबरचा डबा वेगळा असेल, तर डब्यातून राउटरला जाणारी केबल तपासा.

स्पीड टेस्टचा आकडा मेगाबिटमध्ये असतो. तिथे ९४-९५ येत असेल तर केबल किंवा पोर्टच १०० वर अडकलंय, शंकाच नको. १९० आले तर केबल निर्दोष. मग ती फाइल देणारा सर्व्हरच संथ असणार, कारण टेस्टचा सर्व्हर बहुतेकदा कंपनीच्याच नेटवर्कमध्ये, अगदी जवळ असतो. दुसऱ्या साइटवरून एखादी मोठी फाइल उतरवून बघा.

लिंक स्पीड किती दिसतो ते इथे सांगा, मग पुढचं बघू.