एस्ट्रोजेन एलएच दाबतं की वाढवतं?

तुम्ही विचारलंय, एस्ट्रोजेन पिट्युटरीला (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीला) आवर घालतं असं वाचलं आणि त्याच्यामुळेच तिचं एलएच, म्हणजे बीज सुटायला लावणारं संप्रेरक, वाढतं असंही वाचलं, मग खरं काय? दोन्ही खरं. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते आणि हा प्रश्न मला मनापासून आवडतो.

पाळीचक्रातले बहुतेक दिवस एस्ट्रोजेन आवरच घालतं. अंडाशयातले बीजकोष वाढू लागले की त्यांच्यातून एस्ट्राडिओल (एस्ट्रोजेनचाच मुख्य प्रकार) येतं आणि पिट्युटरीचं एफएसएच, म्हणजे बीजकोष वाढवणारं संप्रेरक, उतरतं. त्या उतरत्या एफएसएचवर सगळ्यांत पुढे गेलेला एकच बीजकोष तग धरतो, बाकीचे सुकतात. म्हणून साधारणपणे एका वेळी एकच बीज.

मग तोच बीजकोष एस्ट्राडिओल इतकं वाढवतो की रक्तातली पातळी मिलिलिटरला सुमारे २०० पिकोग्रॅमच्या वर जाते. ती तिथे जवळपास दोन दिवस टिकली, की गणित उलटतं. पिट्युटरीच्या पेशी जीएनआरएचला (मेंदूतून पिट्युटरीला हुकूम देणाऱ्या संप्रेरकाला) कितीतरी जास्त प्रतिसाद देऊ लागतात आणि साठवलेलं एलएच एकदम बाहेर पडतं. ही लाट सुरू झाल्यावर साधारण ३६ तासांनी बीज सुटतं. ओव्हुलेशनच्या पट्टीवर दुसरी रेघ गडद होते ती याच एलएचमुळे.

शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्न्स्ट क्नोबिल यांच्या गटाने १९८० मध्ये माकडिणींवरचा एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. मेंदूतून येणारं जीएनआरएच बंद पाडून ते बाहेरून दर तासाला एक, अशा ठरावीक ठोक्याने दिलं. ठोका बदललाच नाही, तरी एलएचची लाट आली आणि बीज सुटलं! म्हणजे एस्ट्रोजेन थेट पिट्युटरीवरही काम करतं. मेंदूत मात्र त्याचा निरोप मुख्यतः किसपेप्टिन (जीएनआरएचला चालना देणारा पदार्थ) बनवणाऱ्या पेशींमार्फत पोचतो.

पिट्युटरीच्याच प्रोलॅक्टिनची (दूध तयार करवणाऱ्या संप्रेरकाची) गोष्ट वेगळी, ते एस्ट्रोजेनमुळे वाढतंच. गरोदरपणात पिट्युटरी आकारानेही मोठी होते.

तुमच्या हातात रिपोर्ट असेल तर एक सांगते. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं एफएसएच ७ आलं की हायसं वाटतं. पण शेजारी एस्ट्राडिओल मिलिलिटरला ९० पिकोग्रॅम असेल तर थांबा. त्या दिवसाला ते जास्त आहे, आणि त्यानेच एफएसएच दाबून ठेवलेलं असू शकतं. अंडाशयातला बीजांचा साठा कमी होत असतानाही (तेव्हा एफएसएच एरवी वाढतं) असं दिसतं. म्हणून या दोन्ही चाचण्या एकाच दिवशी करतात, आणि डॉक्टरांना दोन्ही आकडे दाखवा.