दत्तक मुलगा विचारतो, मी तुमच्यासारखा का दिसत नाही? यावर कुठलं पुस्तक आहे?

पाच-सहा वर्षांचा असेल तर केइको कासझाचं 'अ मदर फॉर चोको' घ्या. चोको नावाचं पक्ष्याचं पिवळं पिल्लू स्वतःसारखी दिसणारी आई शोधत फिरतं, जिराफ पिवळा आहे पण पंख नाहीत, पेंग्विनला पंख आहेत पण गाल गुबगुबीत नाहीत, आणि शेवटी जवळ घेते ती अस्वलीण, जिच्या घरी आधीच पाणघोडा, सुसर आणि डुकराचं पिल्लू नांदतंय. मी बालवाडीत वाचून दाखवते, दिसण्यावरचे प्रश्न मुलं आपणहून काढतात. फक्त जन्मदात्या आईचं यात काहीच येत नाही, ते दुःख तुम्हालाच बोलून हाताळावं लागेल, त्यासाठी आधी स्वतः शेरी एल्ड्रिजचं 'ट्वेंटी थिंग्ज अडॉप्टेड किड्स विश देअर अडॉप्टिव्ह पेरेंट्स न्यू' वाचा, बाई स्वतः दत्तक गेलेल्या आहेत.