लाडक्या प्राण्याचं खासगी स्मृतिपान : वाचकांचे प्रश्न

कुत्रं-मांजर गेल्यावर त्याचे फोटो, व्हिडिओ इंटरनेटवरच्या घरच्यांपुरत्या पानावर कसे ठेवायचे, असं विचारणारी पत्रं वाढलीत. शंका त्याच त्या, म्हणून एकत्र उत्तरं.

आमचा मुधोळ हाउंड गेला. फोटो सगळे घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहेत. तेच पानावर टाकले तर चालेल ना? (खानापूर)

पान राहू द्या, आधी मूळ फोटो गोळा करा. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, एचडी निवडलं तरीही. मोबाइलवर फरक कळत नाही. मोठा छापून घ्यायला गेलात की त्याचे डोळे पुसट दिसतात. फोटो ज्यानं काढला, मग तो पुण्याला नोकरीला गेलेला भाचा का असेना, त्याला 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. तेही आजच, त्यानं फोन बदलायच्या आत. मग तीन प्रती : कॉम्प्युटरवर, एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर आणि गूगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी. पेनड्राइव्हला मी प्रत मानत नाही. 'गूगलवर आहे म्हणजे कायमचं आहे' हे कट्ट्यावरचं ज्ञान. फुकट जागा 15 जीबी, त्यातच जीमेलही आलं. आणि खातं 2 वर्षं वापरलंच नाही तर गूगल ते काढून टाकू शकतं. वर्षातून एकदा तिन्ही प्रती उघडून बघा. 'पाऊस सरल्यावर करू' म्हणू नका. खानापुरात तो किती लांबतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

कुत्रा नव्हे, आमचा बैल होता. त्याचं पान करता येतं? (निपाणी)

येतं. बेंदराचे, म्हणजे बैलांच्या सणाचे, फोटो शोधा.

क्यूआर कोडची पितळी पाटी 'आयुष्यभर होस्टिंग'सह, म्हणजे पान कायम इंटरनेटवर ठेवू या बोलीवर, मिळते. घ्यावी का? (चिकोडी)

आयुष्य कुणाचं, तुमचं की कंपनीचं, हे आधी विचारा. काही कोडांत तुमच्या पानाचा पत्ता थेट असतो. काही आधी विक्रेत्याच्या सर्व्हरवर नेतात. वर्गणी थांबली की पाटी नुसतं पितळ. स्कॅन करून कुठला पत्ता येतो ते बघा. फोटो-मजकूर कधीही उतरवून घेता येईल, हे लेखी घ्या. पैसे देण्याआधी या कामातल्या, पण पाटी न विकणाऱ्या माणसाला दाखवा.

लिंक फक्त नातेवाइकांना दिलीय. म्हणजे खासगीच ना? (टिळकवाडी)

नाही. लिंक ज्याच्या हाती लागेल तो बघतो. माणसं ईमेलनं जोडा, फोटोंचं लोकेशन बंद करा. अंगणातल्या फोटोवरून घर सापडतं.

डीटीपीवाल्यानं टाइप केलेला मराठी मजकूर पानावर टाकला की भलतीच अक्षरं उमटतात. (शहापूर)

मजकूर जुन्या फॉन्टात आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत, मागून घ्या. शेजाऱ्यांसाठी कन्नड मजकूर घालणार असाल तर तोही.

मुलानं फोन रिसेट केला, फोटो गेले. एकजण आगाऊ पैसे घेऊन परत आणतो म्हणतो. (अनगोळ)

देऊ नका. अलीकडच्या अँड्रॉइडमध्ये फोटो कुलूपबंद साठवलेले असतात आणि रिसेट करताना किल्लीच पुसली जाते. त्याच खात्यानं गूगल फोटोज उघडा. बॅकअप चालू असेल तर तिथे सापडतील. मेमरी कार्ड असेल तर काढून ठेवा, त्यावर नवं काही साठवू नका आणि डेटा रिकव्हरीच्या जाणकाराकडे न्या. यूट्यूब बघून घरी प्रयोग नकोत.

आई रोज रात्री मांजरीचे व्हिडिओ बघून रडते. पान केलं तर आणखी वाढेल का? (कॅम्प, बेळगाव)

हे कॉम्प्युटरवाल्याला विचारायचं नाही. झोप-जेवण बिघडलं असेल तर डॉक्टरांना भेटा. पान करायचं की नाही, कधी करायचं, ते आईंना ठरवू द्या. प्रती मात्र तुम्ही आत्ताच काढून ठेवा.