सीमेपलीकडे ऊसतोडीला गेल्यावर गोळ्या कुठून घ्यायच्या?

नवरात्र बसलं की सांगली जिल्ह्यात, कर्नाटकच्या सीमेवर असलेल्या जत तालुक्याच्या पूर्व भागातली माणसं आमच्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रात, येऊन तेच प्रश्न विचारतात. कुणी मराठीत विचारतं, कुणी कन्नडमध्ये, आणि बरेच जण दोन्ही मिसळून. "मॅडम, चार-पाच महिने आम्ही अथणी, चिकोडीकडं फडावर असतो. गोळ्या मधेच संपतात. तिकडच्या सरकारी दवाखान्यात मागितल्या तर देतील का? तिकडं नाव घातलं की इकडचं कापतील का? आणि टोळीला कळलं तर?"

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर आधीच देऊन टाकते. गोळ्या देतात आणि नाव कापत नाहीत. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना मात्र मला एका जोडप्याची गोष्ट सांगावीशी वाटते. ओळख पटू नये म्हणून त्यांचे बारीकसारीक तपशील बदलले आहेत. मी तिला अक्का म्हणायचे, इथेही तेच म्हणते.

अक्काला एचआयव्ही असल्याचं तिच्या दुसऱ्या बाळंतपणात कळलं, महाराष्ट्रात. उपचार लगेच सुरू झाले, बाळालाही जन्मल्यावर औषध मिळालं आणि दीड वर्षाच्या तपासणीत ते निगेटिव्ह निघालं. नवऱ्याचं कळलं ते विजापूरला. तिथं त्याचं आजोळ. टीबी झाला म्हणून मामाने दवाखान्यात नेलं, आणि टीबीच्या प्रत्येक रुग्णाची एचआयव्ही तपासणी होते तशी त्याचीही झाली. त्याचं नाव तिकडच्या एआरटी केंद्रात लागलं. एकाच चुलीवर जेवणारी दोन माणसं, पण एकाची गोळी महाराष्ट्र सरकारच्या कपाटातून येणार आणि दुसऱ्याची कर्नाटक सरकारच्या. दोघांच्याही कागदावर जोडीदाराच्या रकान्यात 'उपचार सुरू' एवढंच लिहिलेलं. ते खोटं नव्हतं आणि कुणाला त्यात खटकण्यासारखं काही दिसलंही नाही.

मुकादमाच्या वहीत मात्र ही दोघं मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, दोघांवर मिळून, हिशेब दोघांचा मिळून.

पट्टा पडल्यावर, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर, एप्रिलच्या उन्हात, अक्का केंद्रात आली. तिची गोळ्यांची तारीख केव्हाच उलटून गेली होती. आमच्या बाहेरच्या कार्यकर्तीने गावात दोन खेपा घातल्या होत्या. घरी सासू आणि दोन पोरं होती, "फडावर गेलेत" यापलीकडे त्यांना पत्ता माहीत नव्हता. तीन महिने माणूस आलं नाही, तर रजिस्टरला ते संपर्काबाहेर गेलेलं धरतात. अक्का त्या यादीत जायच्या बेतात होती.

तिने पिशवीतून मिसरीची डबी काढली. आत तीन गोळ्या होत्या. गोळ्यांवर तपकिरी भुकटी चढलेली आणि एकीचा कडेचा टवका उडालेला.

"बाटलीत का नाही ठेवल्या?"

"बाटली वाजती, मॅडम. खोपीत सगळ्यांस्नी ऐकू येतंय. डबी कोण उघडत न्हाई."

मी विचारलं, शेवटची गोळी कधी घेतलीस. ती गप्प झाली. मग सांगितलं ते असं. नवऱ्याच्या गोळ्या संक्रांतीच्या आधीच संपल्या. विजापूरला जाऊन यायचं म्हणजे एक दिवस मोडणार. खाडा केला की मुकादम पैसे कापणार, वर 'कशाला जातोस' हे विचारणार. म्हणून दोघांनी तिच्या गोळ्या वाटून खाल्ल्या. एक दिवस तिने, एक दिवस त्याने. "दोगांच्या बी अंगात थोडं थोडं राहील म्हटलं," ती म्हणाली.

यात निष्काळजीपणा कुठे आहे, हे मला कुणी दाखवून द्यावं. नवऱ्याला पुन्हा टीबी होईल या धास्तीने तिने स्वतःचं निम्मं औषध त्याला दिलं. तिला रागावायला माझी जीभ वळली नाही. पण हे सांगणं भाग होतं, की एक गोळी दोघांत वाटली की ती दोघांनाही पुरी पडत नाही. हल्ली बहुतेकांना मिळते ती टीएलडी, म्हणजे टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्राविर ही तीन औषधं एकाच गोळीत. ती रोज एक घ्यायची. एक दिवसाआड घेतली की रक्तातलं औषध कमी पडतं आणि विषाणू पुन्हा वाढायला लागतो. असं वरचेवर झालं तर तो औषधाला दाद देईनासा होण्याची भीती असते.

दोघांच्याही रक्तातल्या विषाणूंची मोजणी झाली. तिची हजाराच्या वर आली, त्याची त्याहून जास्त. अहवाल बघून अक्काला रडू फुटलं, "आता गोळी चालत न्हाई का?" डॉक्टरांनी समजावलं, की खंड पडल्यावर आकडा वाढणारच, त्यावरून औषध निकामी झालं असं म्हणता येत नाही. तीन महिने रोज गोळी घ्यायची आणि पुन्हा मोजायचं.

मला अस्वस्थ केलं ते तिच्या जुन्या अहवालांनी. आधीची दोन्ही वर्षं तिची मोजणी उत्तम आली होती. मी तारखा बघितल्या. एक ऑगस्टची, दुसरी सप्टेंबरची. स्थिर रुग्णाची मोजणी वर्षातून एकदा होते, आणि तिची नेमकी अशा वेळी झाली होती जेव्हा ती तीन-चार महिने घरी राहून रोज गोळी घेत होती. मी खोदून विचारलं तेव्हा कळलं, की त्या दोन्ही वर्षी हंगामात खंड पडलाच होता. पावसाळ्यातला आकडा फडावरच्या महिन्यांबद्दल काहीच बोलत नव्हता.

सीमाभागात एचआयव्हीची सेवा कशी चालली आहे हे मोजायचं असेल, तर मला वाटतं सुरुवात इथून करावी. देशाचं ध्येय ९५-९५-९५ असं सांगतात. एचआयव्हीसह जगणाऱ्या शंभरातल्या ९५ जणांना ते माहीत असावं, माहीत असलेल्यांतले ९५ टक्के उपचारावर असावेत आणि उपचारावरच्यांतल्या ९५ टक्क्यांचा विषाणू दबलेला असावा. ध्येय चांगलंच आहे. पण वर्षाची सरासरी काढली की नोव्हेंबर ते एप्रिल हा खड्डा दिसेनासा होतो. आमच्यासारख्या तालुक्यांत हंगामातले महिने आणि घरचे महिने वेगळे मोजायला हवेत. पट्टा पडल्यावर किती जण परत आले, किती दिवसांच्या खंडाने आले, सीमेपलीकडे पाठवलेल्यांपैकी किती जण खरोखर तिथं पोचले, किती घरांत नवऱ्याचं नाव एका राज्यात आणि बायकोचं दुसऱ्या राज्यात आहे, हे विचारायला हवं. महाराष्ट्र, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या तीन राज्यांत एचआयव्हीसह जगणारी माणसं देशात सर्वाधिक आहेत, आणि त्यातल्या दोन राज्यांची हद्द आमच्या गावांच्या बांधावरून जाते. गोळ्या दिल्याची नोंद दोन्हीकडे चोख असते, आणि त्या दोन चोख नोंदींच्या मधल्या खोपीत काय चाललंय ते माणसाला विचारल्याशिवाय कळत नाही.

आता व्यवहाराचं बोलू, कारण अक्काला आणि तुम्हालाही तेच हवं आहे.

थोड्या दिवसांसाठी परगावी असाल आणि गोळ्या संपत आल्या, तर जवळच्या कुठल्याही सरकारी एआरटी केंद्रात जाऊन आपलं हिरवं पुस्तक, म्हणजे केंद्रातून मिळालेलं उपचारांच्या नोंदींचं पुस्तक, दाखवा. ते देशभर चालतं. प्रवासातला रुग्ण म्हणून साधारण महिनाभराच्या गोळ्या मिळतात आणि मूळ केंद्रातलं नाव तसंच राहतं. कायमचं तिकडे राहायला जाणार असाल, तर मात्र नाव रीतसर बदलून घ्या. त्यासाठी इथून पत्र आणि कागद मिळतात. दोन्हीकडे वेगवेगळ्या नावाने नोंद करण्याच्या भानगडीत पडू नका. तसं करणारे भेटतात, आणि मग जुना टीबी, जुनं औषध, जुने अहवाल काहीच नव्या डॉक्टरांसमोर येत नाही. पुस्तक हरवलं किंवा जवळचं केंद्र कुठलं ते कळत नसेल, तर १०९७ या मोफत क्रमांकावर विचारा.

तब्येत स्थिर असलेल्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देता येतात. पण त्यासाठी तुम्ही जाणार आहात हे आम्हाला कळायला हवं. चार दिवस जास्तीच्या गोळ्या हाताशी असाव्यात, हेही अनुभवाने सांगते. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीमेचा वाद तापला आणि दोन्ही राज्यांमधल्या बसफेऱ्या थांबल्या, ऐन हंगामात. एरवीसुद्धा सीमा ओलांडणं बाईला महाग पडतं. आपल्या एसटीचं अर्धं तिकीट राज्याच्या हद्दीपर्यंतच, आणि कर्नाटकातला मोफत प्रवास तिथल्या रहिवासी महिलांसाठी. अक्कासारखीला दोन्हीकडून पदरचेच पैसे मोडावे लागतात.

मिसरीच्या डबीचं आम्ही असं केलं. गोळ्या मूळ बाटलीतच ठेवायच्या, कारण आतली पुडी ओल शोषून घेते. वाजू नये म्हणून वर कापूस दाबायचा. लेबल काढायचंच असेल तर मुदतीची तारीख पुस्तकात लिहून घ्यायची. पहाटे तीनला उठणाऱ्या बाईला 'रात्री झोपताना घ्या' म्हणण्यात अर्थ नसतो. ही गोळी दिवसात कधीही घेता येते, वेळ ठरलेली असली म्हणजे झालं. अक्काने ती चहाबरोबर घ्यायचं ठरवलं. आशाताईने दिलेली रक्तवाढीची किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल तर एचआयव्हीची गोळी तिच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. दोन्ही एकत्र घ्यायच्या झाल्या तर जेवणासोबतच. उपाशीपोटी एकत्र घेतल्या की डोलुटेग्राविर अंगी लागत नाही.

आता टोळीला कळण्याचं. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ सालचा आहे, लागू झाला १० सप्टेंबर २०१८ पासून. तुमच्या संमतीशिवाय तुमची स्थिती टोळीला किंवा मुकादमाला सांगायची मुभा आम्हाला नाही, पलीकडच्या केंद्रालाही नाही. काम देण्यासाठी कुणी एचआयव्ही तपासणीची अट घालू शकत नाही. मुकादमाने 'दवाखान्यात कशाला' विचारलं तर आजाराचं नाव सांगायचं बंधन तुमच्यावर नाही. पण कायद्याचा कागद खोपीत कामाला येत नाही, हे अक्काने मला तोंडावर सांगितलं, आणि तिचं बरोबर होतं. म्हणून आम्ही दोघींनी बसून दोन वाक्यं ठरवली. "मालकांना मागं टीबी झाला होता, तपासायला जायचंय." आणि "दोघांनी एकदमच जाऊन येतो, बाजारच्या दिवशी." दोन्ही खरी होती. पंधरवड्याला बाजारासाठी सुट्टी असते. त्या दिवशी गेलं की खाडाही पडत नाही.

नवऱ्याला राजी करायला वेळ लागला. विजापूरचं नाव काढायला तो तयार नव्हता. मामाला वाईट वाटेल, आणि सांगलीकडे ओळखीची माणसं भेटतील, ही त्याची कारणं. ती मी खोडून काढली नाहीत. एवढंच विचारलं, की पुढच्या हंगामात पुन्हा गोळ्या वाटायची वेळ आली तर दोघांपैकी कुणी थांबायचं? तो बराच वेळ बायकोकडे बघत राहिला. पुढच्या खेपेला त्याने स्वतःच विजापूरहून बदलीचं पत्र आणलं. त्याच्या लेखी संमतीने तिथल्या समुपदेशकाशी माझं फोनवर बोलणं झालं. टीबीचे जुने कागद आले आणि दोघांच्या गोळ्यांची तारीख एक झाली. उलटही होऊ शकलं असतं, अक्काचं नाव विजापूरला गेलं असतं तरी चाललं असतं. जतमधल्या उमदी-संखकडच्या गावांना सांगलीपेक्षा विजापूर जवळ पडतं, आणि आमच्या राज्याच्या यादीतला एक आकडा कमी झाला म्हणून माझं काही बिघडत नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा मोजणी झाली. अक्काच्या रक्तात विषाणू सापडला नाही. त्याचा आकडा हजाराच्या खाली आला होता, अजून थोडा होता. विषाणू सापडत नाही अशी स्थिती टिकली, तर शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली. पण पुढच्या वर्षी मी एक मोजणी मुद्दाम जास्तीची मागून घेतली, पट्टा पडून ती परतल्यावरची. अक्काचा आकडा तेव्हाही दबलेला होता, आणि माझ्या मते त्या दोन्ही वर्षांतल्या सगळ्या अहवालांत तोच एक भरवशाचा.

यंदा जाणार असाल तर उचल घेताना कारखाना कुठला ते कळतंच. त्याच आठवड्यात आपल्या समुपदेशकाला त्या गावाचं नाव सांगा, परतायचा अंदाजे महिना सांगा आणि घरातल्या दुसऱ्या कुणाचं औषध वेगळ्या केंद्रातून चालू असेल तर तेही सांगा. तिथल्या जवळच्या केंद्राचा पत्ता हिरव्या पुस्तकाच्या मागच्या पानावर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून घ्या. खोकला, ताप, वजन उतरणं, रात्री घाम येणं यातलं काहीही फडावर सुरू झालं, तर गोळ्यांच्या तारखेची वाट न बघता दवाखाना गाठा. आणि खंड पडलाच, तर लाजून घरी बसू नका. किती दिवसांचा पडला आणि का पडला ते जसंच्या तसं सांगा, पुढचं आपण बसून ठरवू.