स्वप्न आणि व्हिडिओ गेम: एकच सिद्धान्त लावता येतो का?

नाही, एम.ए.च्या निबंधात 'दोन्ही आभासी जगं' म्हणून एकच सिद्धान्त लावलात तर तोंडी परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला अडकाल. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तचा १६४१चा युक्तिवाद स्वप्नापुरता आहे: आपण जागे आहोत की झोपेत, हे ठरवणारी खात्रीची खूण नाही. गेममध्ये खूण हातातच असते, कंट्रोलर! शिवाय आजचे तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स (२०२२) म्हणतात की आभासी वस्तू खऱ्याच, फक्त डिजिटल. मल्टिप्लेअर गेममधली तलवार सर्व्हरवर माहितीच्या रूपात टिकते, दुसऱ्या खेळाडूलाही दिसते, तिच्यामुळे पुढे काहीतरी घडतं. स्वप्नातली तलवार अशी कुणाला दाखवता येत नाही. म्हणून आधी तीन गोष्टी तपासा: भान, टिकाऊपणा, सामायिकता.

अपवाद सजग स्वप्नाचा. तिथे 'हे स्वप्न आहे' हे कळत असतं, म्हणून भानाच्या बाबतीत ते गेमजवळ सरकतं. बाकी दोन कसोट्यांवर नाही.

आणि अद्वैत वेदान्ताचे प्राचीन आचार्य गौडपाद यांना मध्ये आणायचंच असेल तर जपून. त्यांच्या मांडूक्यकारिकेतलं वैतथ्य (म्हणजे मिथ्यापण) प्रकरण जागृतीलाही स्वप्नाच्याच पंक्तीला बसवतं; तिथे गेम वेगळा काढायला जागाच उरत नाही. पुण्यात असाल तर भांडारकर संस्थेच्या ग्रंथालयात मूळ कारिका भाष्यासह वाचा.