'टेरिटोरियल जज' म्हणजे प्रादेशिक न्यायाधीश?

अलास्कातला अमेरिकन जज जेम्स विकरशॅम याच्यावरचा इंग्रजी लेख मराठीत आणताना 'फ्रंटियर लॉयर अँड टेरिटोरियल जज'ला 'सीमावर्ती वकील व प्रादेशिक न्यायाधीश' चालेल का, असं विचारलंय. माझ्या मते दोन्ही नको.

सीमा म्हटलं की आपल्याला सरहद्द गांधी आठवतात, पलीकडे दुसरा मुलूख, मधे चौकी. अमेरिकन फ्रंटियर म्हणजे गोऱ्यांच्या वस्तीची कड, जी सारखी पुढे सरकायची (मूळ रहिवाशांना हुसकत, ते शब्दात कुठे दिसत नाही). विकरशॅम १८८३ ला अमेरिकेच्या वायव्येला टकोमाला गेला आणि तिथे वकिली केली, तेव्हा तिथला वॉशिंग्टन (राजधानी नव्हे) हा भाग टेरिटरीच होता, राज्य झालं १८८९ ला. मी सरळ 'नव्या मुलखातला वकील' लिहीन.

'प्रादेशिक'चं दुखणं मोठं, कारण डोळ्यासमोर येतं आरटीओ ऑफिस. टेरिटरी म्हणजे राज्याचा दर्जा न मिळालेला भाग, तिथला जज राष्ट्राध्यक्ष नेमणार आणि तोही मुदतीवर, इतर फेडरल जजसारखा तहहयात नाही. विकरशॅमची फेरनेमणूक सिनेटमधे अडकली तर राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट त्याला तात्पुरत्या नेमणुका देत राहिले, ही ओढाताण 'प्रादेशिक'मधे येतच नाही. 'केंद्रशासित' अर्थाने जवळचा, पण १९०० च्या गोष्टीत दमण-दीव घुसतं. टेरिटरीच ठेवा, औषध कंपनीचे एमआर रोज वापरतात की.

आता खरी गंमत, १९०० ला तो अलास्कात जज झाला तेव्हा अलास्का कागदोपत्री टेरिटरी नव्हतंच, 'डिस्ट्रिक्ट' होतं! टेरिटरी झालं १९१२ ला, तेव्हा हाच बाबा अमेरिकन संसदेत, म्हणजे काँग्रेसमधे, अलास्काचा प्रतिनिधी होता आणि त्या कायद्यामागे लागला होता. म्हणून 'डिस्ट्रिक्ट जज' दिसलं तरी जिल्हा न्यायाधीश करू नका हं, त्याच्या वाट्याचा भाग सुमारे ३ लाख चौरस मैल, म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीहून जास्त. मुक्काम युकॉन नदीकाठी ईगल गावात, आणि हिवाळ्यात खटला चालवायला कुत्र्यांच्या घसरगाडीने गोठलेल्या नदीवरून शेकडो मैल जायचं.

आणि एक, 'हेल्ड कोर्ट'चं 'न्यायालयीन कामकाज आयोजित केले' करू नका प्लीज. आपल्याकडे बाजार भरतो तसं कोर्टही भरतं. विकरशॅमचं कोर्ट तर खरंच तसं, जज पोचला की भरायचं आणि तो निघाला की उठायचं.