एसएसीडी प्लेअर रिसीव्हरला जोडताना आधी हे बघ

सगळ्यात आधी ती ऑप्टिकल केबल बाजूला ठेव, कारण एसएसीडीचा (सुपर ऑडिओ सीडी, साध्या सीडीपेक्षा वरच्या दर्जाची डिस्क) हाय-रेझोल्युशन आवाज त्यातून बाहेर येतच नाही, फारतर हायब्रिड डिस्कचा (जिच्यावर एसएसीडी आणि साधी सीडी असे दोन्ही लेयर असतात) साधा सीडी लेयर वाजतो, म्हणजे १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झ, आणि आपल्याला वाटतं की एसएसीडीच ऐकतोय. माझंही सुरुवातीला कितीतरी दिवस असंच चाललं होतं, फार वाईट वाटलं कळल्यावर.

दोन्हीकडे एचडीएमआय असेल तर तेच वापर, एका केबलमध्ये काम होतं. फक्त व्हर्जन बघ, डीव्हीडी-ऑडिओला १.१ पुरतं पण एसएसीडीचा डीएसडी सिग्नल (एसएसीडीवर आवाज ज्या डिजिटल स्वरूपात असतो तो) जसाच्या तसा न्यायला १.२ लागतं. रिसीव्हर डीएसडी घेत नसेल तर प्लेअरच्या मेनूत आउटपुट पीसीएम (नेहमीचं डिजिटल ऑडिओ स्वरूप) कर, ऐकायला काही बिघडत नाही, उगाच जीवाला लावून घेऊ नकोस.

जुना प्लेअर असेल तर मागे ५.१ ॲनालॉग आउट असतात, ६ आरसीए केबल्स रिसीव्हरच्या मल्टी-चॅनल इनपुटला लावायच्या, सेंटर आणि सबवूफरची अदलाबदल होऊ देऊ नकोस. आणि इथेच बहुतेकजण फसतात, बऱ्याच रिसीव्हरमध्ये या इनपुटवर बास मॅनेजमेंट (लहान स्पीकरला न झेपणारा बास सबवूफरकडे वळवणं) चालतच नाही, त्यामुळे स्पीकर लहान असतील तर प्लेअरच्याच मेनूत जाऊन 'स्मॉल' करायचं, स्पीकरचं अंतर आणि लेव्हलही तिथेच भरायची, नाहीतर बास गायब होतो आणि आपण बिचाऱ्या डिस्कला दोष देत बसतो.